सुरुवातीच्या अमेरिकन युद्धनौकांच्या प्रतिकृतींसाठी अस्सल तोफा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७७५ ते १८१५ या चाळीस वर्षांतील अमेरिकन युद्धनौकांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना सांगाडा, शिडे आणि दोरकाम यांबद्दल माहिती सहज मिळते. अडचण येते ती तोफांपाशी. किटमध्ये आलेल्या तोफा तशाच बसवल्या, तर कित्येकदा वर्षानुवर्षे खपून केलेली नौका चुकीच्या काळात जाऊन पडते. पुढील प्रश्न प्रतिकृती करणारे पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

शोधाची सुरुवात कुठून करावी?

तारखेपासून. आपली प्रतिकृती त्या नौकेचे कोणत्या वर्षातील रूप दाखवणार आहे, हे आधी ठरवल्याशिवाय तोफांबद्दलचा एकही प्रश्न नीट सुटत नाही. नौका तीस-चाळीस वर्षे टिकत असे, पण तिच्यावरच्या तोफा मात्र कप्तान बदलला, गोदीत दुरुस्ती झाली किंवा कोठारात नवा माल आला की बदलत असत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘एसेक्स’ ही फ्रिगेट, म्हणजे एका मुख्य तोफमजल्याची वेगवान युद्धनौका. १७९९ साली मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे ती पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या मुख्य मजल्यावर सव्वीस १२ पौंडी (म्हणजे १२ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) लांब तोफा होत्या आणि वर दहा ६ पौंडी. ब्रिटनविरुद्धचे १८१२ चे युद्ध सुरू झाले तेव्हा त्याच नौकेवर चाळीस ३२ पौंडी कॅरोनेड (आखूड, हलक्या, जवळच्या माऱ्याच्या तोफा) आणि अवघ्या सहा १२ पौंडी लांब तोफा उरल्या होत्या. कप्तान डेव्हिड पोर्टर यांनी या बदलाला आक्षेप घेतला होता, आणि तो किती रास्त होता हे २८ मार्च १८१४ रोजी चिलीतील व्हालपाराइसो येथे दिसले: ‘फीबी’ आणि ‘चेरब’ या ब्रिटिश नौकांपैकी ‘फीबी’ने कॅरोनेडच्या माऱ्याबाहेर राहून लांब तोफांनी ‘एसेक्स’ला झोडपले आणि अखेर तिला शरण यावे लागले. ‘एसेक्स’च्या प्रतिकृतीवर १२ पौंडी लांब तोफांची रांग मांडणारा आणि कॅरोनेडची रांग मांडणारा, दोघेही बरोबर असू शकतात. फलकावर वर्ष लिहिलेले नसेल, तर मात्र दोघांपैकी कोणाचीही पारख करता येत नाही.

‘४४ तोफांची फ्रिगेट’ म्हणजे तिच्यावर ४४ तोफाच होत्या का?

नाही. ४४, ३८, ३२ हे आकडे नौकेचा दर्जा सांगतात. प्रत्यक्ष तोफांची संख्या बहुधा त्याहून जास्त असे. २७ मार्च १७९४ च्या कायद्याने ज्या सहा फ्रिगेट बांधायचे ठरले, त्यांपैकी ‘कॉन्स्टिट्यूशन’चा दर्जा ४४ तोफांचा होता. १७९८ साली ती पहिल्यांदा समुद्रावर निघाली तेव्हा मुख्य मजल्यावर तीस २४ पौंडी तोफा होत्या आणि वरच्या मजल्यावर सोळा १८ पौंडी व चौदा १२ पौंडी. म्हणजे एकूण साठ. यांतील १८ पौंडी तोफा मॅसॅच्युसेट्स राज्याकडून, बॉस्टन बंदरातील कॅसल आयलंडच्या किल्ल्यावरून उसन्या घेतलेल्या होत्या. १९ ऑगस्ट १८१२ रोजी तिने ‘गेरिएर’ या ब्रिटिश फ्रिगेटला हरवले तेव्हा तीस २४ पौंडी तोफा तशाच होत्या, पण वरच्या मजल्यावर आता वीसहून अधिक ३२ पौंडी कॅरोनेड आल्या होत्या. नौका तीच, दर्जाही तोच, आणि चौदा वर्षांत वरचा मजला मुळापासून बदललेला. म्हणून दर्जाच्या आकड्यावरून तोफा मोजू नयेत. तोफांची यादी शोधावी आणि ती कोणत्या वर्षाची आहे हे पाहावे.

‘२४ पौंडी’ तोफेचे खरे माप कसे काढायचे?

पौंडाचा आकडा हा भरीव लोखंडी गोळ्याच्या वजनाचा आहे; तोफेच्या वजनाशी वा लांबीशी त्याचा थेट संबंध नाही. गोळ्याचा व्यास काढण्यासाठी एक सोपा आधार आहे. ब्रिटिश मापात ९ पौंडी गोळ्याचा व्यास बरोबर ४ इंच धरला जाई आणि वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून २४ ला ९ ने भागावे, येणाऱ्या २.६६७ चे घनमूळ काढावे, म्हणजे १.३८७ येते, आणि त्याला ४ ने गुणावे: गोळ्याचा व्यास ५.५५ इंच. गोळा नळीत सैल जावा म्हणून नळीचे भोक त्याहून विसाव्या हिश्श्याने, म्हणजे गोळा २० तर भोक २१ अशा प्रमाणात, मोठे ठेवीत. ५.५५ ला १.०५ ने गुणल्यावर ५.८२ इंच येतात, आणि २४ पौंडी ब्रिटिश तोफेच्या भोकाचे नोंदलेले मापही तेवढेच आहे.

याच रीतीने ३२ पौंडीचे भोक ६.४१ इंच, १८ पौंडीचे ५.२९, १२ पौंडीचे ४.६२, ९ पौंडीचे ४.२० आणि ६ पौंडीचे ३.६७ इंच येते. कॅरोनेडला हा नियम लावू नये, कारण तिच्यात गोळा आणि नळी यांच्यामधली फट मुद्दाम कमी ठेवलेली असे; ३२ पौंडी कॅरोनेडचे भोक ६.२५ इंचच भरते.

आता हे प्रतिकृतीत उतरवू. ५.८२ इंच म्हणजे सुमारे १४८ मिलिमीटर. १:४८ प्रमाणात ते ३.१ मिलिमीटर होतात, १:६४ मध्ये २.३ आणि १:९६ मध्ये जेमतेम १.५. आपल्याजवळच्या तोफेच्या तोंडात ड्रिलचे पाते घालून पाहिले, तर ती कोणत्या वजनाची आहे याचा निवाडा एका मिनिटात होतो. माझ्या अनुभवात बाजारातील तोफांची भोके बहुतेक वेळा लहान असतात, आणि ती थोडी मोठी करणे ही सर्वांत कमी कष्टाची, तरीही सर्वांत उठून दिसणारी दुरुस्ती आहे.

फ्रेंच पौंड वेगळा होता असे म्हणतात. त्याने फरक पडतो का?

पडतो, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी. जुना फ्रेंच पौंड सुमारे ४८९.५ ग्रॅमचा आणि इंग्रजी पौंड ४५३.६ ग्रॅमचा, म्हणून फ्रेंच १२ पौंडी गोळा इंग्रजी हिशेबाने जवळजवळ १३ पौंडांचा आणि फ्रेंच १८ पौंडी गोळा सुमारे १९.४ पौंडांचा होतो. १:६४ प्रमाणात भोकातला हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही नसतो, त्यामुळे भोकाची काळजी करू नये. तोफेचा आकार, कड्यांची मांडणी आणि तोफगाड्याची घडण मात्र फ्रेंच पद्धतीची असायला हवी, आणि ते फरक डोळ्यांना दिसतात.

अमेरिकन कप्तान जॉन पॉल जोन्स यांची ‘बोनॉम रिशार’ ही मुळात १७६५ सालची फ्रेंच व्यापारी नौका, ‘द्युक द द्युरा’. तिच्यावरच्या तोफा फ्रान्समध्ये जमवलेल्या होत्या. अशा नौकेबद्दल एखाद्या इंग्रजी मजकुरात ‘९ पौंडी’ तोफा दिसल्या, तर थांबून विचार करावा. फ्रेंच नौदलाच्या तोफांच्या मालिकेत ८ पौंडी होती, ९ पौंडी नव्हती, आणि फ्रेंच ८ पौंडी गोळा इंग्रजी हिशेबाने ८.६ पौंडांचा भरतो. २३ सप्टेंबर १७७९ रोजी फ्लॅम्बरो हेडजवळच्या लढाईच्या आरंभीच तिच्या खालच्या मजल्यावरच्या १८ पौंडी तोफांपैकी दोन फुटल्या आणि जवळचे गोलंदाज मारले गेले. त्या तोफा जुन्या होत्या. ही नौका करणाऱ्याने खालच्या मजल्यावर कोऱ्या, चकचकीत आणि एकसारख्या तोफा मांडू नयेत, असे मला मनापासून वाटते.

तोफेची लांबी कुठून कुठपर्यंत मोजतात?

मागच्या जाड कड्यापासून तोंडाच्या कडेपर्यंत. मागे बाहेर आलेले बोंड या मापात धरत नाहीत. कागदपत्रांत ‘साडेनऊ फुटी २४ पौंडी’ असे लिहिलेले असते तेव्हा ते साडेनऊ फूट बोंड सोडून असतात.

हे मी स्वतः चुकून शिकलो. १:६४ प्रमाणाच्या एका किटमध्ये २४ पौंडी म्हणून आलेल्या तोफा ४५ मिलिमीटर लांब होत्या, आणि साडेनऊ फूट भागिले ६४ हा हिशेबही ४५.२ मिलिमीटरच येतो, म्हणून मी निश्चिंत होतो. अकरा तोफा काळ्या करून, गाड्यांवर बसवून झाल्यावर एक दिवस व्हर्नियर कॅलिपरने मोजले, तेव्हा लक्षात आले की ते ४५ मिलिमीटर बोंडासकट होते. मागच्या कड्यापासून मोजल्यावर ४१ च भरले. म्हणजे प्रत्यक्षात तोफ ८ फूट ७ इंचांची, जवळपास एक फूट आखूड. साऱ्या तोफा उतरवाव्या लागल्या. तेव्हापासून किट हाती आले की मी पहिल्यांदा एक तोफ मोजतो आणि मगच बाकीची पेटी उघडतो.

त्या काळात सर्व तोफा दिसायला सारख्याच होत्या का?

मुळीच नाही, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. १७२० च्या दशकापासून ब्रिटिश नौदलात जॉन आर्मस्ट्राँग यांच्या नावाने ओळखले जाणारे वळण रुळले. १७६० च्या दशकात त्यात काही सुधारणा झाल्या. आणि १७८० च्या दशकाच्या उत्तरार्धात थॉमस ब्लोमफील्ड यांनी नवे वळण आणले. ब्लोमफील्डच्या तोफेवर नक्षीदार कडी कमी असतात, नळीची रेषा अधिक सरळ जाते आणि, मुख्य खूण म्हणजे, मागच्या बोंडाच्या वर, तोफेची उसळी अडवणारा दोर ओवण्यासाठी एक गोल कडी ओतलेली असते. आर्मस्ट्राँगच्या वळणात ही कडी नसते. तिथे जाड दोर बोंडाच्या मानेभोवतीच अडकवावा लागे.

याचा परिणाम साधा आहे. १७७६ सालच्या कोणत्याही अमेरिकन नौकेवर मागे कडी असलेल्या ब्लोमफील्ड तोफा असणे शक्य नाही. तरीही क्रांतिकाळातील, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील, नौकांच्या किटमध्ये त्या सर्रास मिळतात. छोट्या प्रमाणात ती कडी कानसीने घासून टाकता येते आणि बरेच काम भागते. १:४८ मध्ये मात्र संपूर्ण नळीचे वळणच चुकलेले दिसते, म्हणून तिथे तोफ लेथवर नव्याने करणे हाच मार्ग उरतो.

वळण ठरल्यावर दोन मापे तपासावीत. नळीला गाड्यावर टेकवणारे दोन्ही बाजूंचे गोल दांडे मागच्या कड्यापासून लांबीच्या सातव्या हिश्श्याच्या तिप्पट अंतरावर असत. साडेनऊ फुटी तोफेत हे अंतर सुमारे ४९ इंच, म्हणजे १:६४ मध्ये १९.४ मिलिमीटर. दांड्यांचा व्यास साधारण गोळ्याएवढा असे, आणि जुन्या वळणाच्या तोफांत ते नळीच्या मध्यरेषेवर नसून तिच्या खाली बसवलेले असत. लेथवर केलेल्या तोफांत भोक पाडायला सोपे म्हणून दांडा बरोबर मध्यावर घातलेला दिसतो, आणि त्यामुळे तोफ गाड्यात खोल बसते व तोंड खिडकीत खाली जाते.

या प्रमाणांसाठी जॉन मुलर यांचा १७५७ सालचा तोफशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ उपयोगी आहे. त्याची आवृत्ती १७७९ साली फिलाडेल्फियातही छापली गेली, म्हणजे तो अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हातात होता. मात्र मुलर अनेक ठिकाणी तोफा कशा असाव्यात याचा आपला प्रस्ताव मांडतात. त्यांची कोष्टके वाचताना प्रचलित तोफेचे माप कोणते आणि त्यांनी सुचवलेले कोणते, हे वेगळे काढून घ्यावे.

क्रांतिकाळात अमेरिकनांनी तोफा आणल्या कुठून?

मिळेल तिथून. हे उत्तर नेमके नाही असे वाटेल, पण प्रतिकृती करणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत जास्त मोकळीक देते. मार्च १७७६ मध्ये ईसेक हॉपकिन्स यांच्या अमेरिकन ताफ्याने बहामामधील नॅसॉवर उतरून ८८ तोफा आणि १५ मॉर्टर (उखळी तोफा) हस्तगत केल्या. ऱ्होड आयलंडमधील होप फर्नेससारख्या ओतशाळा नव्या तोफा ओतत होत्या, पण मागणी त्यांच्या ताकदीबाहेरची होती. डिसेंबर १७७५ मध्ये मंजूर झालेल्या तेरा फ्रिगेटपैकी पोर्ट्समथला बांधलेली ‘रॅली’ ऑगस्ट १७७७ मध्ये फ्रान्सकडे निघाली तीच अपुऱ्या तोफांनिशी.

सर्वांत खात्रीचा पुरावा ‘फिलाडेल्फिया’ या तोफांच्या होडीचा आहे. १७७६ च्या उन्हाळ्यात शँप्लेन सरोवराच्या दक्षिण टोकाला घाईने बांधलेली ही होडी ११ ऑक्टोबर १७७६ रोजी व्हॅल्कूर बेटाजवळच्या लढाईत बुडाली आणि १९३५ साली वर काढण्यात आली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे, आणि तिच्याबरोबर तिच्या तोफाही: पुढच्या टोकाला एक १२ पौंडी आणि मध्यभागी दोन बाजूंना दोन ९ पौंडी. न्यूयॉर्कच्या जंगलात बांधलेल्या या होडीच्या तोंडावरची १२ पौंडी तोफ स्वीडनमध्ये ओतलेली आहे. होडी बुडवणारा २४ पौंडी ब्रिटिश गोळादेखील जपून ठेवलेला आहे. तोफ, तिचा गाडा आणि ज्या लाकडावर ती उभी होती ते लाकूड, असे सगळे एकत्र टिकल्याचे दुसरे इतके चांगले उदाहरण या काळातून क्वचितच मिळेल. ज्यांना पहिली प्रतिकृती पूर्ण खात्रीने करायची आहे, त्यांना मी हीच होडी निवडायला सांगतो.

१७९४ नंतरच्या फ्रिगेटवर तरी एकसारख्या तोफा होत्या ना?

मुख्य मजल्यापुरते बऱ्याच अंशी, होय. या नौकांसाठी होप फर्नेस आणि मेरीलँडमधील सेसिल आयर्न वर्क्स यांच्याशी तोफांचे करार झाले. पण येथेही तारखेचा प्रश्न सुटत नाही. ‘कॉन्स्टेलेशन’ फ्रिगेटने ९ फेब्रुवारी १७९९ रोजी ‘लँसुर्जांत’ ही फ्रेंच नौका पकडली तेव्हा तिच्यावर २४ पौंडी तोफा होत्या. त्या नौकेला पेलत नाहीत असे कप्तान थॉमस ट्रक्स्टन यांचे मत झाले आणि त्यांच्या जागी १८ पौंडी तोफा बसल्या. वर्षभराने, १ फेब्रुवारी १८०० च्या रात्री ‘ला व्हाँजाँस’शी झालेल्या लढाईत ती अठ्ठावीस १८ पौंडी तोफा आणि दहा २४ पौंडी कॅरोनेड घेऊन उतरली होती. बारा महिन्यांत दोन वेगवेगळी रूपे.

कॅरोनेड आणि लांब तोफ यांत प्रतिकृतीच्या दृष्टीने काय फरक?

कॅरोनेड हे स्कॉटलंडमधील फॉलकर्कजवळच्या कॅरन कारखान्याचे अपत्य. १७७० च्या दशकाच्या शेवटी ती आली. ती आखूड, पातळ आणि हलकी असे. ३२ पौंडी लांब तोफ सुमारे ५५ हंड्रेडवेटची (एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड), तर ३२ पौंडी कॅरोनेड १७ हंड्रेडवेटची. लांबी जेमतेम चार फूट, म्हणजे १:६४ मध्ये १९ मिलिमीटर. प्रचलित प्रकारात तिला बाजूचे दांडे नसत. पोटाखाली एक कान असे आणि त्यात घातलेल्या खिळीने ती एका सरकत्या लाकडी पाटावर बसे. पाटाचे पुढचे टोक नौकेच्या भिंतीशी खिळीवर फिरे. मागे नेम वर-खाली करण्यासाठी स्क्रू असे. चार चाकांच्या गाड्यावर ठेवलेली कॅरोनेड दिसली, तर तिला पुराव्याचा आधार आहे का हे विचारावे.

१० सप्टेंबर १८१३ च्या ईरी सरोवराच्या लढाईत ‘लॉरेन्स’ आणि ‘नायगारा’ या दोन्ही अमेरिकन ब्रिगवर (दोन डोलकाठ्यांच्या युद्धनौकांवर) प्रत्येकी अठरा ३२ पौंडी कॅरोनेड आणि दोन १२ पौंडी लांब तोफा होत्या. जवळ जाईपर्यंत ‘लॉरेन्स’ने ब्रिटिश लांब तोफांचा मारा सोसला आणि तिची चाळण झाली, अमेरिकन ताफ्याचे प्रमुख ऑलिव्हर पेरी यांना होडीतून ‘नायगारा’वर जावे लागले. त्या डेकवर कोणती तोफ कुठे होती हे ठाऊक असेल, तर लढाईचा तो क्रम प्रतिकृतीतूनही समजतो.

गोदीत काढलेले आराखडे तोफांबाबत किती भरवशाचे?

ब्रिटिशांनी पकडलेल्या अमेरिकन नौका गोदीत मोजून त्यांचे आराखडे काढले जात. ‘हॅन्कॉक’, ‘रॅली’, ‘व्हर्जिनिया’ आणि ‘कॉन्फेडरसी’ यांचे असे आराखडे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत, आणि सांगाड्यासाठी ते अमोल आहेत. तोफा मात्र त्यांत काढलेल्या नसतात. असतात त्या तोफांच्या खिडक्या.

खिडक्यांवरून अंदाज बांधता येतो. ब्रिटिश गोदीतला ठोकताळा असा, की खिडकीची रुंदी गोळ्याच्या व्यासाच्या सुमारे साडेसहा पट, उंबरठ्याची डेकपासूनची उंची साडेतीन पट आणि दोन खिडक्यांमधले अंतर सुमारे पंचवीस पट. आराखड्यात खिडकी २९ इंच रुंद भरली, तर भागाकार ४.४६ येतो, म्हणजे १२ पौंडी तोफेच्या जवळ. हा पुरावा नव्हे. कागदोपत्री मिळालेली यादी पडताळून पाहण्याची ती एक रीत आहे.

मूळ तोफा आज कुठे पाहता येतील?

‘फिलाडेल्फिया’चा उल्लेख वर आलाच आहे. बॉस्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’वर आज दिसणाऱ्या तोफा विसाव्या शतकात नव्याने ओतलेल्या प्रतिकृती आहेत, त्यांचे फोटो मापाचा मूळ आधार म्हणून वापरू नयेत, मांडणी समजून घेण्यासाठी वापरावेत. माझ्या मते या काळाचे सर्वांत विलक्षण दर्शन ऑन्टॅरिओ सरोवराच्या तळाशी आहे. ‘हॅमिल्टन’ आणि ‘स्कर्ज’ या दोन अमेरिकन स्कूनर (छोट्या शिडाच्या नौका) ८ ऑगस्ट १८१३ च्या पहाटे अचानक आलेल्या वावटळीत उलटल्या. १९७३ साली त्यांचा शोध लागला तेव्हा त्या सुमारे ९० मीटर खोलीवर, थंड गोड्या पाण्यात, सरळ उभ्या होत्या आणि तोफा आपापल्या जागी होत्या. ‘हॅमिल्टन’वर मुख्यतः कॅरोनेड, तर ‘स्कर्ज’वर छोट्या लांब तोफा. त्यांची पाण्याखालची छायाचित्रे पाहताना गाडा, दोर आणि खिडकी यांचे परस्परांशी असलेले नाते जसे कळते, तसे कोणत्याही आराखड्यातून कळत नाही.

खऱ्या तोफेवरचे आकडे कसे वाचायचे?

ब्रिटिश तोफेवर तीन आकडे ओळीने कोरलेले असतील, तर ते तिचे वजन आहे: पहिला हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड, दुसरा पाव हंड्रेडवेट, म्हणजे २८ पौंड, तिसरा सुटे पौंड. ४२-१-१४ असे दिसले, तर ४७०४ अधिक २८ अधिक १४, म्हणजे ४७४६ पौंड, सुमारे २१५३ किलो. नऊ फुटी १८ पौंडी तोफेचे वजन एवढेच असे. राजाची मुद्रा आणि बाणाचे चिन्ह ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. पकडलेल्या वा जुन्या ब्रिटिश तोफेवर ती असू शकते, पण अमेरिकन ओतशाळेत नव्याने ओतलेल्या तोफेवर ती दाखवणे ही चूक होय.

तोफगाड्याबाबत कोणत्या गोष्टी चुकतात?

पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठी असत, कारण डेक नौकेच्या बाजूंकडे उतरते असते आणि गाडा सपाट राहायला हवा. २४ पौंडी तोफेसाठी पुढची १८ इंच व मागची १६ इंच हे माप धरता येते. बाजूच्या फळ्यांची जाडी साधारण गोळ्याच्या व्यासाएवढी असे. किटमधल्या फळ्या बहुधा पातळ असतात, आणि त्यामुळे गाडा खेळण्यासारखा दिसतो. तोफ मागे उसळली की तिला अडवणारा जाड दोर ब्रिटिश पद्धतीत बोंडाकडून येऊन फळ्यांवरच्या कड्यांतून भिंतीकडे जातो, तर फ्रेंच पद्धतीत तो फळ्यांना पाडलेल्या भोकांतून जातो. ‘बोनॉम रिशार’साठी दुसरी पद्धत, ‘कॉन्स्टिट्यूशन’साठी पहिली. दोराची लांबी इतकी ठेवावी की मागे सरलेल्या तोफेचे तोंड खिडकीच्या आत येईल; त्याशिवाय खलाशांना गोळा भरता आला नसता.

तोफा पितळी ठेवाव्यात की काळ्या कराव्यात?

काळ्या. या नौकांच्या मुख्य तोफा बिडाच्या होत्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांना काळा लेप दिला जाई. पितळी झळाळी कितीही सुंदर दिसली, तरी ती या नौकांची नाही. पितळी नळी काळी करण्यापूर्वी अॅसिटोनने पुसावी आणि नंतर तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये. बोटाच्या तेलाचा ठसा काळ्या थरात कायमचा राहतो.

गाड्याच्या रंगासाठी त्या नौकेच्या काळातील वस्तू पाहाव्यात. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या बाबतीत सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयातील प्रतिकृती मोलाची आहे, ती १८१२ च्या सुमारास खलाशांनी केली आणि कप्तान आयझॅक हल यांनी तिथल्या संस्थेला दिली. ब्रिटिश नौकांचा लाल रंग कोणतेही कारण न शोधता अमेरिकन नौकेवर चढवू नये.

या विषयाचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही धागा आहे का?

आहे. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ज्या ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटला नष्ट केले, ती मुंबईला निघाली होती. मुंबईचे नियोजित गव्हर्नर लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप तिच्यावर होते, आणि मुंबईच्या गोदीत सागवानात बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या ‘कॉर्नवॉलिस’साठी लागणारे तांबेही तिच्यात होते. हेच हिस्लॉप पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेविरुद्ध लढले. ‘जावा’च्या मुख्य मजल्यावर १८ पौंडी तोफा होत्या आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या मजल्यावर २४ पौंडी. या दोन नौका एकाच प्रमाणात शेजारी शेजारी केल्या, तर तोफांतला हा फरक मराठी पाहुण्यालाही चटकन समजावता येईल, आणि त्याबरोबर मुंबईच्या गोदीची गोष्टही सांगता येईल.

दोन साधनांत वेगवेगळे आकडे दिसले तर काय करावे?

आधी दोन्ही आकडे खरोखर एकाच वर्षाचे आहेत का, हे पाहावे. निम्मे वाद तिथेच मिटतात. मग त्या वर्षी गोदीने किंवा कोठाराने केलेल्या नोंदीला पहिला मान द्यावा, कप्तानाच्या पत्राला त्यानंतर, शत्रूने लढाईनंतर लिहिलेल्या अहवालाला त्याच्या खाली, आणि पन्नास-शंभर वर्षांनी लिहिलेल्या इतिहासाला शेवटी. हरलेला कप्तान शत्रूच्या तोफा जास्त मोजतो आणि जिंकलेला स्वतःच्या कमी सांगतो, हे दोन्ही बाजूंच्या अहवालांत दिसते. अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाने क्रांतिकाळापासूनच्या छापील कागदपत्रांचे खंड इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. तिथे नौकेचे नाव आणि वर्ष घालून शोधणे हे कोणत्याही किटच्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी फलदायी ठरते.

जो आकडा निवडला तो का निवडला, हे एका कागदावर लिहून तो प्रतिकृतीच्या तळाच्या फळीखाली चिकटवावा: नौका, वर्ष, तोफांची यादी, वळण आणि मूळ नोंद कोणत्या दिवशीची.